अकाली फुलासिंग

नांदेडला दसऱ्याच्या हल्लाबोलात निळ्या बाण्याचे, दुमाल्यावर म्हणजे उंच पगडीवर पोलादी चक्रे चढवलेले शीख निहंग ज्या आवेशाने धावतात, तो पाहिल्यापासून या पंथाविषयी जे हाती येईल ते वाचण्याचा छंद मला जडला. आणि त्या वाचनात ज्या पुरुषापाशी मन पुनःपुन्हा थबकते ते म्हणजे अकाल तख्ताचे जथेदार अकाली फुलासिंग. कंपनी सरकारच्या अंमलदारांच्या लेखी ते धर्मवेडे दंगेखोर ठरले. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो.

तहाच्या वाटाघाटींसाठी आलेला इंग्रजांचा वकील चार्ल्स मेटकाफ फेब्रुवारी १८०९ मध्ये अमृतसरला छावणी देऊन होता. मोहरमच्या दिवशी त्याच्या तैनातीतील शिया शिपायांनी ताजियाची मिरवणूक काढली, आणि हरमंदिराच्या पावित्र्याला धक्का लागतो आहे अशा भावनेने फुलासिंगांचे अकाली, म्हणजेच निहंग, तिच्यावर तुटून पडले. शिपाई मूठभर, परंतु कवायती शिस्तीत रांगा धरून त्यांनी हल्ला परतविला, आणि खुद्द महाराज रणजितसिंगांना धावत येऊन वकिलाची समजूत घालावी लागली. पुढे २५ एप्रिलला तहनामा झाला आणि सतलज ही सरहद्द ठरली. याच चकमकीने महाराजांना कवायती फौजेची महती पटली असे सांगण्याचा प्रघात आहे. तो मला अतिशयोक्त वाटतो, कारण १८०५ साली यशवंतराव होळकर इंग्रज सेनापती लेकच्या फौजा पाठीवर घेऊन पंजाबात उतरले, तेव्हाच इंग्रजी पलटणींचे सामर्थ्य महाराजांच्या पुरते ध्यानात आले होते.

मला अधिक मोलाची वाटते ती फुलासिंगांची निर्भयता. मोराँ नावाच्या नर्तकीशी संबंध ठेवल्याबद्दल त्यांनी प्रत्यक्ष महाराजांना अकाल तख्तासमोर उभे करून कोरड्यांची शिक्षा फर्माविली आणि महाराजांनी ती मान लववून स्वीकारली, अशी परंपरा सांगते. तपशील कसाही असो. राजाला जाब विचारणारी एक गादी त्याच्याच राज्यात आहे, हे लाहोर दरबाराने मान्य केले होते, यात संशय नाही. महाराजांना हे अकाली धाकाचे वाटत, आणि त्यांच्यावाचून चालतही नसे: १८१८ मध्ये मुलतानच्या तटाला खिंडार पडताच आत प्रथम घुसले ते अकाली साधूसिंग आणि त्यांचे सोबती.

मार्च १८२३ मध्ये नौशेऱ्याजवळ पीर सबाकच्या टेकडीवर पठाण गाझी ठाण मांडून बसले. अॅलार्ड आणि व्हेंतुरा हे फिरंगी सरदार आदल्याच वर्षी लाहोरात दाखल झाले होते. तोफा येईपर्यंत थांबावे असा महाराजांचा विचार होता, म्हणतात. फुलासिंगांनी मात्र अरदास म्हणजे प्रार्थना करून चढाईचा संकल्प सोडला होता, आणि अरदास केल्यावर माघार घेणे त्यांना निषिद्ध होते. ते टेकडी चढले, त्यांच्यामागे महाराजांना फौज लोटणे भाग पडले, लढाई जिंकली गेली आणि फुलासिंग तेथेच पडले. ज्यांच्या दंग्याबद्दल चौदा वर्षांपूर्वी महाराजांना परक्या वकिलापुढे दिलगिरी दाखवावी लागली होती, त्यांच्याच रक्ताने पेशावरची वाट मोकळी झाली.