पाद्री हिस्लॉप यांचे गोंडी कागद

पांढरकवड्याचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस बहुधा एकाच कारणानें स्मरतें. १७ एप्रिल १८१८ रोजीं ह्या गांवानजीक शिवणी येथें कर्नल अॅडम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेस गांठून तिची दाणादाण केली. त्यापुढें हा केळापूर तालुका आमच्या लेखनांतून जवळजवळ नाहींसा होतो. कारण उघड आहे. आपण दप्तरें शोधतों; आणि येथील गोंड व कोलाम ह्यांनीं दप्तरें ठेविलीं नाहींत. गोंडांची पूर्वकथा परधानाच्या मुखांत व त्याच्या किंगरीच्या साथीनें राहिली. ती विस्तारानें कागदावर उतरविण्याचें श्रेय एका स्कॉच पाद्र्याकडे जातें.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ सालीं स्कॉटलंडांतील डन्स येथें झाला. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि पुढील वर्षीं नागपुरास आले. धर्मप्रसार व शाळा हें त्यांचें नेमलेलें काम. तथापि विद्वज्जनांत त्यांचें नांव प्रथम झालें तें दगडांमुळें! सहकारी रॉबर्ट हंटर यांजसह त्यांनीं लिहिलेला नागपूर प्रांताच्या भूस्तरांवरील निबंध १८५५ त लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेला, आणि एका हिरवट खनिजास ‘हिस्लोपाइट’ ही संज्ञा मिळाली. दौऱ्यांत दगडांबरोबर शब्दही जमत गेले. गोंडी, कोलामी इत्यादि बोलींच्या याद्या त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडिल्या.

टाकळघाटचीं शिळावर्तुळें हा त्यांच्या जिज्ञासेचा आणखी एक विषय. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं मध्यप्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांजसमवेत ते तेथें गेले होते. गांवची शाळा तपासण्यासाठीं हिस्लॉप मागें राहिले. सायंकाळीं बोरीच्या तळाकडे परततांना चढलेल्या ओढ्यांत ते बुडाले. घोडा तेवढा स्वाराविना तळावर पोंचला. (ह्याच स्थळीं १९६८-६९ त नागपूर विद्यापीठानें शास्त्रोक्त उत्खनन केलें.)

मागें राहिले ते अपुरे कागद. टेंपल यांनीं आपल्या टीपा व प्रस्तावना जोडून ते १८६६ त प्रसिद्ध केले. संग्राहकांनीं येथें सावध असावें. ग्रंथ एक असला तरी हात दोन आहेत. हिस्लॉप यांस निबंधावर शेवटचा हात फिरवितां आला नाहीं, व संपादक राज्यकर्ता होता. टीपेंतील मत मूळ टिपणकाराच्या पदरीं घालणें हा अन्याय होय.

ग्रंथाचें खरें मोल परधानाच्या तोंडून घेतलेल्या लिंगोच्या गीतांत आहे. मूळ गोंडी शब्द व इंग्रजी भाषांतर दोन्ही दिल्यामुळें भाषांतर ताडून पाहतां येतें. कॅप्टन फोरसाइथ यांनीं १८७१ त आपल्या ग्रंथांत त्याचें इंग्रजी पद्य करून तें लोकप्रिय केलें. माझ्या मतें अभ्यासकानें तें बाजूस ठेवावें. छंदासाठीं ओढाताण झालेला पाठ साक्षीस चालत नाहीं.

ह्या गीतांत महादेव अस्वच्छतेवर रागावून गोंडांस गुहेंत कोंडतो व लिंगो त्यांस सोडवितो. आतां पांढरकवड्याहून दक्षिणेस पैनगंगा ओलांडून आदिलाबादेंत चला. तेथील राजगोंडांच्या परधानांकडून फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं मिळविलेल्या कथा १९४८ त ग्रंथरूपानें आल्या. त्यांत गुहेंत कोंडले जातात ते गोंडांचे देव, आणि सोडविणारा पहांदी कुपार लिंगाल. कित्येक पंडितांनीं हिस्लॉप यांच्या पाठांतील महादेव-पार्वतीवरून तो हिंदू संस्कारानें बिघडलेला ठरविला. परंतु दुसऱ्या पाठांतही शंभू आहेच. एका पोथीच्या दोन प्रती निराळ्या निघाल्या म्हणजे आपण एकीस खोटी म्हणून टाकीत नाहीं. लेखक, स्थळ व परंपरा पाहतों. नागपुराकडील पाद्र्याची प्रत आणि पैनगंगेपलीकडील प्रत ह्यांस तोच न्याय लावला पाहिजे. ह्या दोहोंच्या मधला मुलूख केळापूर-पांढरकवड्याचा आहे. येथील परधानाकडून गीत उतरून घेणाऱ्यानें गायकाचें गांव, कुळी व गुरु हीं पहिल्याच पानावर लिहावीं. ओळी क्रमानें घ्याव्या, आणि विसंगत वाटणारी ओळ आपल्या हातानें दुरुस्त करूं नये.