काशीतले हरिकेन

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘वैद्यकीय विषय नसला तरी चालेल’ अशी सवलत दिली, म्हणून हे धाडस करीत आहे. विषय आहे एका जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा. हे विमान मी तीन वर्षे पाहत होतो आणि तरीही मी ते पाहिले नव्हते.

१९९०च्या दशकात एम.डी.साठी मी हैदराबादहून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेलो. रात्रपाळी संपवून चहाला निघालो की आमची सायकल त्या विस्तीर्ण आवारात कुठेही भटकत असे. अभियांत्रिकी विभागाच्या बाजूला गवतात एक जुने विमान उघड्यावर उभे होते. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते कधीकाळी आणले होते एवढेच आम्हांस ठाऊक. ‘असेल काहीतरी भंगार’ असे म्हणून आम्ही पुढे जात असू. त्याचा क्रमांक वाचावा असे मला एकदाही वाटले नाही.

तो वाचला पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थाने. जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात फिरताना १९८२ साली त्यांना हे विमान दिसले. ते होते हॉकर हरिकेन, क्रमांक आर ४११८. ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक विमानाची नोंद ठेवली जाई: ते केव्हा दाखल झाले, कोणत्या तुकडीकडे गेले, केव्हा दुरुस्तीस गेले. वैमानिकांच्या उड्डाणवह्यांतही विमानाचा क्रमांक असे. या कागदांवरून त्याचा पूर्वेतिहास जुळवता आला.

आर ४११८ ऑगस्ट १९४० मध्ये ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले होते. लंडनजवळच्या क्रॉयडन तळावरून ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये त्याने ४९ उड्डाणे केली आणि शत्रूची पाच विमाने पाडण्यात वा जायबंदी करण्यात त्याचा वाटा होता. त्याच शरद ऋतूत जवळच्या केनली तळावर हरिकेन चालवीत होती २५३ क्रमांकाची तुकडी, जिच्या नावापुढे ‘हैदराबाद स्टेट’ लागले. १५२ क्रमांकाच्या स्पिटफायर तुकडीलाही आपल्या शहराचे नाव मिळाले आणि तिच्या बोधचिन्हावर निजामांचे शिरोभूषण आले. लंडनच्या आकाशातले ते युद्ध आपल्या गावाला अगदीच परके नव्हते.

१९४३च्या अखेरीस हे विमान प्रशिक्षणासाठी भारतात पाठवले गेले. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच वापरीत होती. युद्ध संपल्यावर अशी विमाने सर्रास मोडीत निघाली. आर ४११८ मात्र १९४७ साली सेवेतून कमी होऊन काशीच्या विद्यापीठाला मिळाले. त्याला ऊन-पाऊस लागला हे खरे. पण विद्यापीठाने ते भंगारवाल्याच्या हवाली केले नाही, म्हणून ते उरले. व्हॅचर यांनी ते मिळवण्यासाठी कित्येक वर्षे पाठपुरावा केला आणि २००१ साली ते इंग्लंडला परतले.

मग सुरू झाले पुनर्बांधणीचे काम. सिडनी कॅम यांनी आखलेले हरिकेन १९३५ साली प्रथम उडाले. ते कापडी विमानांच्या युगातून धातूच्या युगात जाताना घडलेले यंत्र आहे. त्याच्या धडाचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा. जोडाच्या ठिकाणी या गोल नळ्यांची टोके चौकोनी करून त्या बोल्टने बांधलेल्या असतात, वेल्डिंग नाही. वर लाकडी चौकटी आणि पट्ट्या, त्यांवर ताणून बसवलेले लिननचे कापड, आणि कापड घट्ट व्हावे म्हणून डोप नावाचे रोगण. पंखांच्या मधल्या भागातील तुळया पोलादी पट्ट्यांपासून घडवलेल्या, बारा बाजूंच्या नळ्यांच्या. अशा नळ्या आज बाजारात मिळत नाहीत. त्या घडवण्याची साधनेही नव्याने करावी लागतात. बारा सिलिंडरांचे, २७ लिटर क्षमतेचे मर्लिन इंजिन तर भाग न भाग सुटा करून तपासावे लागते.

सफोक परगण्यातील हॉकर रिस्टोरेशन्स या कार्यशाळेत हे काम झाले. संग्रहालयात ठेवायचे विमान आणि उडवायचे विमान यांत मोठा फरक असतो. संग्रहालयात गंजलेला मूळ तुकडा मौल्यवान ठरतो; आकाशात तोच तुकडा प्राण घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक भागाची परीक्षा करून जो भार पेलेल तो ठेवायचा, जो पेलणार नाही तो मूळ आराखड्याप्रमाणे नवा करायचा, आणि दोन्हींची नोंद ठेवायची. इतके बदलल्यावर ते तेच विमान राहते का, असे कोणी विचारतो. बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. तीन किलोंचे अर्भक वीस वर्षांनी साठ किलोंचे होऊन दारात उभे राहते आणि आपण जुनी फाइल काढून त्याला नावाने हाक मारतो.

२३ डिसेंबर २००४ रोजी आर ४११८ पुन्हा उडाले. १९४० साली हेच विमान चालवणारे बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते आणि आपले विमान त्यांना पुन्हा पाहता आले.

ही हकीकत मी पुढे व्हॅचर यांच्या पुस्तकात वाचली आणि त्या रात्री झोप लागली नाही. मला विमानापेक्षा एक मूल आठवत होते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात चार महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे येई. बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, सतत झोप. ‘किती शांत बाळ आहे!’ असे मीच आईला म्हणालो होतो. दर भेटीचे वजन आणि उंची माझ्याच अक्षरात कागदावर होती, पण ते आकडे मी एका ओळीत वाचले नव्हते. जन्मजात थायरॉइडची कमतरता माझ्या ध्यानात आली तेव्हा ते चौदा महिन्यांचे होते. औषधाने उंची वाढली. बुद्धीचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

गवतातले विमान ओळखणाऱ्याची वाट पाहत अर्धे शतक उभे राहू शकले. अर्भकाच्या मेंदूजवळ तेवढा अवधी नसतो. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर असे बहुतेक मूल इतरांसारखे वाढते. म्हणून आपल्या सभासदांना विनंती आहे, की आपल्याकडे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची, शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून टी.एस.एच. चाचणी व्हावी. अहवाल आला की तो त्याच दिवशी वाचावा.

तो मुलगा आता पंचविशीचा आहे. वडिलांच्या दुकानात सामान बांधून देतो. दिवाळीला आई त्याला घेऊन येते, फराळाचा डबा माझ्या हाती देते. तिने मला कधीही दोष दिला नाही. त्याची ती पहिली फाइल मी टाकलेली नाही. नव्या निवासी डॉक्टरांना शिकवायला बसलो की नाव झाकून तीच आधी उघडतो.