पोटातील फुगा व ध्वनिलहरींची तपासणी

वजन उतरविण्यासाठी जठरात बसवावयाचा फुगा आता दिवसभर गादीवर बसणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांच्याही बोलण्यात येऊ लागला आहे. सिलिकोनचा हा फुगा बहुधा ४०० ते ७०० मिलिलिटर खारट पाण्याने भरतात व सुमारे सहा महिन्यांनी दुर्बिणीने काढतात. पाण्यात पुष्कळदा निळा रंग असतो. फुगा फुटल्यास लघवी निळसर-हिरवी होते. रिकामा फुगा आतड्यात उतरून अडकला तर मात्र जिवावर बेतते. फुगा आपोआप अधिक फुगणे व स्वादुपिंडाचा दाह, यांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला होता.

पोत्यातील धान्य पाहण्यास आम्ही सळई खुपसतो. सोनोग्राफीस छिद्र लागत नाही, क्ष-किरणही नाहीत. ध्वनिलहरी पाण्यातून सहज जातात, म्हणून भरलेला फुगा पडद्यावर पांढऱ्या कडेचे काळे वर्तुळ दिसतो. तो सुरकुतला, जागेवरून हलला वा आतड्याची वेटोळी तुंबली, हे जाणत्या डॉक्टरांस ओळखता येते. हवेपुढे या लहरींचे काही चालत नाही. पोटात वायू दाटला असल्यास सी. टी. स्कॅनच करावा लागतो.

आमच्या जोयडा तालुक्यातून कारवार, हुबळी वा बेळगाव गाठावयाचे म्हणजे रान व घाट ओलांडणे आले. पहिल्या काही दिवसांची मळमळ नेहमीची. परंतु पुढे उलट्या थांबेनात, पोट फुगून दुखू लागले, तर पित्त म्हणून सोडा घेत बसू नये. निघताना फुग्याचा कागद बरोबर घ्यावा, कारण माहिती नसलेल्या तपासनिसास ते काळे वर्तुळ पाण्याची गाठ वाटू शकते.