गव्हाणी घुबडाची रात्रिचर्या

घुबड दिसले अथवा त्याचा चीत्कार कानी पडला की घरातील वडीलधारी माणसे मुलांस अपशकुनाची भीती घालतात. परंतु हा पक्षी रात्रभर करतो काय, याचा विचार फारच थोडे लोक करतात. म्हणून गव्हाणी घुबडाची दिनचर्या, खरे पाहता रात्रिचर्या, आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

पांढऱ्या, बदामी आकाराच्या चेहऱ्यावरून हे घुबड तेव्हाच ओळखू येते. पडक्या गढ्या, ओसाड वाडे व झाडांच्या ढोली ही त्याची वसतिस्थाने होत. दिवसा ते तेथे निश्चल बसून झोप घेते. त्यास दिवसा दिसत नाही हा समज खोटा आहे. मात्र उजेडात बाहेर पडल्यास कावळे त्याचा पिच्छा पुरवितात.

सूर्यास्तानंतर अंधार पडू लागला की ते शेतांवरून खालून उडू लागते. बहुधा पहिल्या प्रहरी शिकार, मध्यरात्री विसावा व पहाटेपूर्वी पुन्हा शिकार, असा त्याचा क्रम असतो. पिले असली म्हणजे खेपा वाढतात. हिंगोली जिल्ह्यातील ज्वारी, हरभरा व सोयाबीन यांच्या शेतांत उंदीरही रात्रीच बिळाबाहेर येतात. तेव्हा चोराची व पहारेकऱ्याची वेळ एकच ठरते.

या घुबडाचा एक कान दुसऱ्याहून किंचित वर असतो, त्यामुळे आवाजाची जागा त्यास अचूक कळते. निव्वळ ऐकून ते पूर्ण काळोखात उंदीर पकडते, हे अमेरिकेतील रॉजर पेन यांनी प्रयोगाने दाखविले व १९६२ साली प्रसिद्ध केले. पंखांची कड फणीसारखी असल्याने त्याचे उडणे उंदरास ऐकूही येत नाही.

भक्ष्य ते सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळीच्या रूपाने ओकून टाकते. विद्यार्थ्यांनी त्याच्या बसण्याच्या जागेखालील वाळलेली गोळी काडीने फोडून पाहावी व मग हात स्वच्छ धुवावे. आतील कवट्या मोजल्या म्हणजे घुबड शत्रू की मित्र, याचा निर्णय आपोआप होईल.

तथापि ज्यास लक्ष्मीचे वाहन म्हणावयाचे, त्यासच दिवाळीच्या अमावास्येस जादूटोण्यासाठी मारावयाचे, असा प्रकार अद्याप घडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. उंदरांस घातलेले विषही त्यांच्यामार्फत घुबडाच्या पोटी जाते. पिलांचा फूत्कार ऐकून साप समजून कोणी काठी उचलू नये, व घरट्याची जागा पाडावयाची असल्यास पिले उडून जाईपर्यंत थांबावे, एवढी आमची पालकांस विनंती आहे. शेताचा हा राखणदार वेतन मागत नाही. त्यास केवळ अभय हवे.