डोंगराआडची नभोवाणी : आहुपे परिसर आणि लघुशक्ती प्रक्षेपकांचा प्रश्न

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, घोड नदीच्या उगमाजवळ, सह्याद्रीच्या माथ्यावर आहुपे हे गाव वसले आहे. गावाच्या पूर्वेस घोडचे खोरे डिंभे धरणाच्या जलाशयाकडे उतरत जाते. पश्चिमेस थोडे चालून गेले की जमीन एकाएकी संपते आणि उभ्या कड्याखाली मुरबाडचा प्रदेश पसरलेला दिसतो. येथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भातशेती, हिरड्याचे संकलन आणि गावची देवराई यांमुळे हा परिसर मानवशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांच्या अभ्यासकांस परिचित आहे. नभोवाणीच्या दृष्टीनेही तो अभ्यासण्याजोगा आहे. ध्वनिक्षेपण कोठवर पोहोचते आणि पोहोचल्यावर ते कोणाच्या भाषेत बोलते, हे दोन प्रश्न बहुधा एकच समजले जातात; ते वस्तुतः किती भिन्न आहेत, हे या ठिकाणी स्पष्ट दिसते.

प्रथम पहिल्या प्रश्नाचा विचार करू. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवरील ७९२ किलोहर्ट्झ ही त्याची कंप्रता श्रोत्यांच्या दीर्घ परिचयाची आहे. या कंप्रतेची तरंगलांबी सुमारे ३८० मीटर भरते. इतक्या लांब तरंगांचे भूपृष्ठालगत प्रसारण होते आणि वाटेतील डोंगरसोंडांना वळसा घालून ते त्यांच्या मागेही काही प्रमाणात पोहोचतात. एफ. एम. म्हणजे कंप्रता-विरूपित ध्वनिक्षेपणाची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरला जातो आणि तेथे तरंगलांबी अवघी तीन मीटरच्या आसपास असते. असे तरंग बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्याच्या मागे छाया पडते. विवर्तनाने तेथे पोहोचणारा अंश क्षीण असतो. ध्वनीची शुद्धता व विद्युत् गोंगाटापासून मुक्तता हे एफ. एम. चे गुण, डोंगराळ मुलखात त्यांची किंमत अशी मोजावी लागते.

या छायेचे गणित कठीण नाही. वातावरणातील नेहमीचे अपवर्तन हिशेबात घेतले, तर नभोवाणी-क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर हे उंचीच्या मीटरमधील वर्गमुळाच्या ४.१२ पट असते. प्रक्षेपक व ग्राहक यांची अंतरे निरनिराळी काढून त्यांची बेरीज करावयाची. सपाट प्रदेशात तीस मीटर उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सुमारे साडेबावीस किलोमीटर येते. उलटपक्षी नऊशे मीटर उंचीच्या कड्यावर उभ्या असलेल्या श्रोत्याचे, समोर समुद्रसपाटीचा मोकळा प्रदेश असल्यास, एकट्याचेच क्षितिज १२३ किलोमीटर भरते.

आता नकाशा पाहावा. सरळ रेषेत मोजता मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे आहुपे येथून सत्तर ते ऐंशी किलोमीटर अंतरावर आहेत. परंतु पुण्याच्या दिशेने घोड, भीमा, भामा व इंद्रायणी यांची खोरी आणि त्यांना विभागणाऱ्या डोंगरांच्या सोंडा एकामागून एक आडव्या येतात. मुंबईच्या दिशेने कड्याखालचा बराचसा प्रदेश मोकळा व सखल आहे आणि मधले डोंगर कड्याहून पुष्कळच ठेंगणे आहेत. म्हणजे ज्या गावाचा तालुका, जिल्हा व बाजार पूर्वेस आहे, त्याच्या कड्यावर एफ. एम. चे आकाश मात्र पश्चिमेकडे उघडते. त्यातही कड्यांवरून परावर्तित झालेले तरंग मूळ तरंगांत मिसळले की ग्रहणाची तीव्रता दर मीटर-दीड मीटरला कमीजास्त होते. ओसरीवर नीट ऐकू येणारे केंद्र घरात नेताच फरफरू लागते, त्याचे एक कारण हे आहे.

छाया भरून काढण्याचा रूढ उपाय म्हणजे लघुशक्ती प्रक्षेपक. त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला कंप्रता-परिवर्तक. अमेरिकेत तो ‘ट्रान्सलेटर’ या नावाने ओळखला जातो. उंच जागी बसवलेला हा संच मूळ केंद्राचा संकेत एका कंप्रतेवर ग्रहण करतो आणि दुसऱ्या कंप्रतेवर पुन्हा प्रक्षेपित करतो. कंप्रता बदलणे आवश्यक असते, कारण त्याच कंप्रतेवर प्रक्षेपण केल्यास तो स्वतःचाच आवाज ग्रहण करू लागेल. दुसरा प्रकार सहक्षेपण केंद्राचा. भारतात हाच अधिक प्रचलित आहे. येथे कार्यक्रम उपग्रहावरून येतो आणि स्थानिक प्रक्षेपक तो नव्याने विरूपित करून सोडतो. तिसरा प्रकार स्वतःचा कार्यक्रम स्वतः निर्माण करणाऱ्या लघुशक्ती केंद्राचा. बाहेरून पाहता मनोरा, तारा व शंभर वॅटचा संच ही सामग्री तिन्हींत सारखीच दिसते. भेद एवढाच की पहिल्या दोहोंत ध्वनिग्राहक नसतो, तिसऱ्यात असतो. हा भेद यंत्रशास्त्राच्या दृष्टीने गौण असला, तरी श्रोत्याच्या दृष्टीने तोच मुख्य आहे.

त्याचा पडताळा अमेरिकेतील स्पॅनिश-भाषी ध्वनिक्षेपणाच्या इतिहासात मिळतो. तेथे ट्रान्सलेटरची परिणामी प्रारित शक्ती २५० वॅटपर्यंत मर्यादित असून त्याने मूळ केंद्राचाच कार्यक्रम पुनःक्षेपित करावा असा नियम आहे. मूळ हेतू डोंगराआडच्या गावांना सेवा देण्याचा होता. सन २००९ मध्ये मध्यम लहरींवरील केंद्रांना आपला कार्यक्रम या ट्रान्सलेटरांवरून देण्याची मुभा मिळाली व २०१५ च्या आदेशाने तो मार्ग अधिक रुंद झाला. शिवाय मोठ्या एफ. एम. केंद्राच्या अंकीय उपवाहिनीचा कार्यक्रमही त्यांवरून देता येतो. त्यामुळे स्पॅनिश संगीताच्या अनेक वाहिन्यांना शहरी एफ. एम. पट्ट्यात स्थान मिळाले. पण हे स्थान अस्थिर असते. मूळ केंद्राच्या चालकाने मेक्सिकन प्रादेशिक संगीत बंद करून साल्सा-बचाता सुरू केले, किंवा भाषाच बदलून इंग्रजी स्वीकारली, की ट्रान्सलेटरही त्याच क्षणी बदलतो. मनोरा तोच, कंप्रता तीच, श्रोते तेच. केवळ त्यांचे गाणे नाहीसे होते. याच देशात सन २००० मध्ये शंभर वॅटपर्यंतच्या स्वतंत्र, अव्यापारी लघुशक्ती केंद्रांचा निराळा वर्ग निर्माण करण्यात आला, तो स्थानिक समाजाच्या हाती ध्वनिग्राहक असावा या विचाराने.

महाराष्ट्रातील परिस्थिती तपशिलात वेगळी असली, तरी तत्त्व तेच आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीने हिंदी चित्रपटसंगीत देशभर नेले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. खाजगी एफ. एम. चे धोरण १९९९, २००५ व २०११ अशा तीन टप्प्यांत विस्तारले. परंतु परवाने शहरांसाठी लिलावाने दिले जात असल्याने खाजगी केंद्राची दृष्टी शहरातील श्रोत्यावर असणे स्वाभाविक आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी देशातील ८४ जिल्ह्यांत आकाशवाणीच्या शंभर वॅटच्या ९१ एफ. एम. प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन झाले. पोहोच वाढविण्याचे हे मोठे पाऊल होय. तथापि असा प्रक्षेपक जेव्हा केवळ सहक्षेपण करतो, तेव्हा त्यावरून काय ऐकू यावे याचा निर्णय दूरच्या केंद्रात होतो. तेथे वेळापत्रक बदलले, मराठीचा तास कमी झाला किंवा लोकसंगीताच्या जागी अन्य संगीत आले, तर छायेतील गावास ते निमूटपणे स्वीकारावे लागते.

हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अतिवृष्टीनंतर कोसळलेल्या दरडीखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. दुर्घटनेची वार्ता बाहेर पोहोचली ती त्या मार्गावर आलेल्या एस. टी. च्या चालकामुळे. नभोवाणीने ती आपत्ती टळली असती असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र पावसाळ्यात अशा खोऱ्यास जी सूचना हवी असते, ती अमुक वाडीने रात्री शाळेत मुक्कामास जावे, अमुक ओढा ओलांडू नये, इतकी स्थानिक असते. उपग्रहावरून उतरणाऱ्या कार्यक्रमात तिला जागा नसते. तेथे प्रक्षेपक बंद पडलेला असो वा दूरच्या केंद्राचे गाणे वाजवीत असो, परिणाम एकच.

या संदर्भात पुणे केंद्राच्याच एका जुन्या प्रयोगाचे स्मरण होणे उचित आहे. सन १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी ते एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी ते केले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ इतर गावांहून लक्षणीय आढळली. प्रक्षेपण तेच, ग्राहकयंत्र तेच; परतीची वाट तेवढी नवी होती. आजच्या सहक्षेपण केंद्रांत नेमकी हीच वाट नसते.

परतीची वाट देणारी तरतूद धोरणात उपलब्ध आहे. सन २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना सामुदायिक नभोवाणीची परवानगी मिळाली. परिणामी प्रारित शक्तीची सर्वसाधारण मर्यादा शंभर वॅट ठरली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही तिची महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे होत. पण अशा केंद्राची खात्रीची व्याप्ती दहा-पंधरा किलोमीटर. घोडेगाव येथे ते उभारले, तर सुमारे तीस किलोमीटर दूर असलेले आहुपे छायेतच राहील. केंद्र खोऱ्याच्या माथ्याकडे असावे लागेल किंवा खालच्या केंद्रास वर एक पुनःक्षेपक जोडावा लागेल. माथ्याकडील बराच प्रदेश भीमाशंकर अभयारण्याचा असल्याने जागेची निवड वनखात्यास वगळून होणार नाही.

आणखी एक बंधन शेजारच्या जुन्नर तालुक्यातून येते. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यासाठी या प्रदेशाची निवड होण्याचे एक कारण म्हणजे येथील नभोवाणी-शांतता. एफ. एम. पट्ट्याची दुसरी प्रगुणित कंप्रता १७६ ते २१६ मेगाहर्ट्झ येते आणि दुर्बिणीचा १२५ ते २५० मेगाहर्ट्झचा निरीक्षणपट्टा तिला सामावून घेतो. म्हणून या भागातील कोणत्याही प्रक्षेपकास प्रगुणित कंप्रता गाळणारी छानणी आणि दिशा आखून दिलेला अँटेना आवश्यक ठरेल. आहुपे व खोडद यांमधील सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आणि डोंगर येथे उपकारक आहेत. जो डोंगर गावास एफ. एम. पासून वंचित ठेवतो, तोच गावच्या लहान प्रक्षेपकापासून दुर्बिणीस आडोसा देतो.

सारांश, छाया भरून काढणे हे अभियांत्रिकीचे काम आहे आणि ते शंभर वॅटमध्ये होण्याजोगे आहे. परंतु प्रत्येक नव्या मनोऱ्याविषयी शक्ती व व्याप्ती यांच्या जोडीने तिसरी नोंद व्हावयास हवी : ध्वनिग्राहक कोठे आहे? तो खोऱ्यात असेल, तर भातलावणीचे गाणे, हिरड्याचा भाव आणि दरडीचा इशारा एकाच आवाजात ऐकू येतील. तो दूरच्या शहरात असेल, तर आहुप्यास नभोवाणी लाभेल, वाणी लाभणार नाही.