शिंकेच्या आधी

बायका जमल्या की हसण्याला ऊत येतो आणि नेमकी त्याच वेळी एखादी पाय आवळून गप्प होते, काहीतरी निमित्त काढून आत जाते. बाकीच्यांना कळतं, पण कुणी बोलत नाही. खोकला आला, शिंक आली, भरलेली बादली उचलली, की थोडी लघवी निसटते. 'दोन बाळंतपणं झाली, वय झालं, चालायचंच,' अशी आपणच आपली समजूत घालतो. मग प्रवास टळतात, लग्नकार्यात पाणी पिणं बंद होतं. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण दिवसभर घोटभर पाणी पीत नसे. त्याचं कारण मला ती निवृत्त झाल्यावर कळलं.

वय हे यातलं एक निमित्त. मूळ प्रश्न असतो तो स्नायूंचा, आणि स्नायू उतारवयातही शिकतात.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार. बाळंतपण, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं यांनी ती सैलावते. पाळी गेल्यावरही ताकद कमी होते. पुरुषांनाही ही झोळी असतेच. प्रॉस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनाही हेच व्यायाम शिकवतात.

आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली या व्यायामाविषयी लिहिलं, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं. ऐकायला सोपा, पण पुष्कळ जणी पोट नाहीतर मांड्या आवळतात आणि श्वास कोंडतात. म्हणून फिजिओथेरपिस्ट हवी. ती आधी सगळं विचारून घेते, पाणी आणि लघवीची नोंद ठेवायला सांगते, आपली संमती घेऊन तपासते आणि नेमका स्नायू ओळखायला शिकवते. वारा अडवताना जे आत-वर ओढलं जातं, तेच. काही सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सोडायचं. साधारण आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. रिकरिंग खात्यासारखं आहे हे: हप्ता लहान, पण चुकवायचा नाही. लघवी करताना धार अडवून मात्र रोजचा सराव करू नये.

पुढचा धडा मला सर्वांत आवडला. शिंक येणार असं वाटताच, तिच्या आधी क्षणभर तळ आवळायचा. झोळी सावध असली की धक्का सोसते.

पण प्रत्येकीची झोळी सैलच असते असं नाही. काहींची सतत ताणलेली असते. त्यांना शरीरसंबंधात वेदना होतात, शौचाला त्रास होतो. त्यांनी आवळत राहिल्यास दुखणं वाढू शकतं. त्यांना शिकायचं असतं ते सैल सोडणं: संथ श्वास, हलका ताण, थेरपिस्टचा हात. म्हणून शेजारणीचा व्यायाम उचलू नये. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.

व्यायामाने सगळ्यांचं सगळं बरं होतं असं नाही. पण लघवी निसटण्याच्या या त्रासावर पहिला उपाय म्हणून डॉक्टर हाच सुचवतात.

आपल्याकडे बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होतात, शेकशेगडी होते, पोट बांधतात. त्या खोलीत एवढी एक गोष्टही कुणी थोरलीने मोकळेपणाने सांगावी. पुढची चाळीस वर्षं ती लेक पोटभर हसेल.