नगरहून गाणे शिकावयास

मिरजेचा नऊ वर्षांचा एक मुलगा १९०७ साली संस्थानच्या शिष्यवृत्तीवर लाहोरास गेला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ च्या मे महिन्यात तेथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. तो मुलगा म्हणजे पुढे पुण्यात १९३२ साली स्वतःचे गांधर्व महाविद्यालय काढणारे आणि ‘राग-विज्ञान’चे सात भाग लिहिणारे पं. विनायकबुवा पटवर्धन. त्याआधीच्या पिढीला तर विद्यालय नावाची वस्तूच ठाऊक नव्हती. विष्णु दिगंबरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे विद्या मिळवण्यासाठी दक्षिण महाराष्ट्रातून थेट ग्वाल्हेर गाठावे लागले. गुरूने ‘बैस’ म्हणणे हाच त्या काळचा प्रवेश, आणि तो शब्द ऐकण्यासाठी किती दिवस सेवा करावी याला नियम नव्हता.

अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला आज इतके दूर जावे लागत नाही. नगर ते पुणे हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आपला जिल्हा आहेच. त्याच विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र चालते आणि संगीत, नृत्य व नाट्य या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण देते. गुरुकुल आणि विद्यापीठ या दोन पद्धतींचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. जागा मोजक्या आणि इच्छुक महाराष्ट्रभरचे, त्यामुळे अंतर कमी झाले तरी दार रुंद झालेले नाही.

आपल्याकडील पुष्कळ मुले-मुली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या. शाळा-महाविद्यालय सांभाळून त्या चढणे हे लहान काम नव्हे. परंतु विशारदाचे प्रमाणपत्र हाती आले की पुढचा प्रवेश जणू ठरलेलाच, असा समज घरोघरी दिसतो. तो बरोबर नाही. प्रवेशाच्या वेळी परीक्षक समोर बसून गाणे ऐकतात, आणि पाठ केलेले गाणे कोणते व सुचलेले कोणते, हे जाणत्या कानाला दोन आवर्तनांत कळते.

विलंबित एकतालाचे उदाहरण घ्यावे. मात्रा बारा. लय चांगलीच संथ असेल तर एक मात्रा चार सेकंदांची, म्हणजे आवर्तन जवळजवळ पाऊण मिनिटाचे. एवढ्या अवकाशात काय मांडायचे आणि समेवर कसे यायचे, हे वहीत लिहून ठेवता येत नाही. लिहून ठेवलेल्या आठ ताना संपल्या की विद्यार्थी थांबतो आणि तेथेच परीक्षकाचा पुढचा प्रश्न येतो. तानपुऱ्याचेही तसेच. यंत्रावरच्या तानपुऱ्याची सवय झालेल्या विद्यार्थ्यास मालकंस गावयास सांगितला, तर पहिली तार पंचमात ठेवून चालणार नाही, कारण त्या रागात पंचम वर्ज्य आहे. ती मध्यमात मिळवावी लागते. हे पुस्तकात वाचलेले असते. हाताने चारचौघांसमोर तार मिळवणे निराळे. तयारीचे शेवटचे वर्ष नवे राग गोळा करण्यात घालवण्यापेक्षा चार-पाच राग रोज तासभर विस्ताराने गाण्यात घालवावे, हे अधिक शहाणपणाचे.

घरचा प्रश्न याहून अवघड असतो. पर्युषणात मुलीने स्तवन गायले की सारे कौतुक करतात. तीच मुलगी बी.कॉम. नंतर संगीतात एम.ए. करते म्हणाली की कौतुकाचा स्वर उतरतो. दुकान कोण पाहणार, पुढे पोट कसे भरणार, हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. संगीताच्या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही, हे मान्य करूनच हिशेब मांडावा. खर्च मुख्यतः पुण्यातील राहण्या-जेवणाचा व साथीदारांचा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्ष हप्त्यांना सवड असते. तरीही ज्या शिक्षणाचे उत्पन्न उशिरा सुरू होते त्यासाठी कर्ज जपूनच काढावे; आधी शिष्यवृत्ती पाहावी. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला आहे.

पदवी आणि विद्या यांचा संबंध पं. उल्हास कशाळकरांच्या वाटचालीत स्पष्ट दिसतो. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे ते. वडील वकील, गाणे घरातच. नागपूर विद्यापीठाच्या संगीत एम.ए.त ते पहिले आले. अनेकांच्या दृष्टीने शिक्षण येथे पूर्ण झाले असते. त्यांनी मात्र नंतर पं. राम मराठे आणि पं. गजाननराव जोशी यांच्यासमोर पुन्हा शिष्य म्हणून बैठक मांडली. काही वर्षे आकाशवाणीची नोकरी केली आणि १९९३ साली कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून गेले. त्या अकादमीत निवडलेला शिष्य संस्थेतच राहतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि शिक्षण गुरूसमोर बसून होते. महाराष्ट्रातील कित्येक तरुण गायक तेथे शिकून आले आहेत. लाहोरच्या त्या जुन्या विद्यालयाप्रमाणे येथेही आधी गाणे ऐकतात, कागद नंतर पाहतात.